लाज पश्चात्तापाने जात नाही

लहानपणी झालेला अत्याचार, घरातली रोजची मारहाण, चारचौघांत झालेली मानहानी, किंवा वर्षानुवर्षं कानावर पडलेलं "तू कुचकामी आहेस". यातलं काहीही मनात घेऊन ख्रिस्ती विश्वासणारा माणूस प्रार्थनेला बसला की तो बहुतेक वेळा क्षमाच मागतो. दर रविवारी, त्याच गोष्टीसाठी. पाळक सांगतात, क्षमा झाली आहे. त्यालाही ते पटतं, बायबलचं वचन तर तोंडपाठ असतं. तरी सोमवारी पुन्हा तेच. मग त्याची समजूत होते की आपलाच विश्वास कमी पडतोय, आणि लाजेवर लाजेचा आणखी एक थर चढतो.

त्याच्या विश्वासात खोट नसते. क्षमा अपराधाची होते, आणि त्याच्याजवळ जे आहे तो अपराधच नाही. अपराधाची टोचणी म्हणते, "मी वाईट केलं." लाज म्हणते, "मी वाईट आहे." पहिलीवर कबुली, क्षमा आणि भरपाई असे उपाय आहेत आणि ते लागूही पडतात. दुसरीला कबूल करायला काही सापडतच नाही, म्हणून ती काहीतरी शोधून काढते. या वाटेने गेलेल्यांच्या आणि त्यांच्यासोबत बसलेल्यांच्या अनुभवातून जी पद्धत आम्हांला उपयोगी वाटते ती पुढे लिहिली आहे. तिचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक नुकसान क्रम चुकल्याने होतं.

पहिलं काम कागदावरचं. कागदाला दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने करायचे. पहिल्यात "मी केलं", दुसऱ्यात "माझ्यावर केलं गेलं", तिसऱ्यात "मला सांगितलं गेलं". प्रत्येक ओळ चार-पाच शब्दांची, नुसती घटना, तपशील नाही. "काकांच्या घरी, आठवीच्या सुट्टीत" एवढं पुरे. एका बैठकीत सगळं लिहायचा हट्ट धरायचा नाही. अर्धा तास झाला की कागद मिटून ठेवायचा.

गोंधळ कुठे होतो तेही ठरलेलं आहे. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टी सरकून पहिल्यात येतात. "मी ओरडले नाही" पहिल्यात लिहिलं जातं. "मी पुन्हा त्याच घरी गेलो" पहिल्यात. "मी कोणाला सांगितलं नाही" हेही पहिल्यात. हे सरकणं दिसलं की तिथे थांबून शरीराचं वागणं समजून घ्यावं लागतं. धोका टाळता येणार नाही असं मेंदूला वाटलं की शरीर लढत किंवा पळत नाही, ते गोठतं. हात हलत नाहीत, आवाज फुटत नाही, कधी आपण दुरून स्वतःकडे पाहतोय असं वाटतं. तो निर्णय नसतो, म्हणून त्यात संमतीही नसते. लहान मुलाच्या बाबतीत तर संमतीचा प्रश्नच येत नाही.

तरी माणूस दोष स्वतःकडे ओढून घेतो, कारण त्यात एक विचित्र दिलासा असतो. चूक माझी असेल तर पुढच्या वेळी मी ती टाळू शकतो. चूक माझी नसेल तर जग खरोखरच असुरक्षित आहे आणि माझ्या हातात काही नव्हतं, हे मान्य करावं लागतं. मुलांना ते झेपत नाही. ज्या आईबापांवर जेवणखाणापासून सगळं अवलंबून आहे ते वाईट आहेत असं मानण्यापेक्षा आपण वाईट आहोत असं मानणं मुलाला सोपं जातं. चाळिशीतला माणूस जेव्हा "माझंच चुकलं" म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते सात वर्षांचं मूलच बोलत असतं.

तिसऱ्या रकान्याचं काम वेगळं. "घराण्याचं नाव घालवलंस", "तूच चाळे केले असशील", "देव हे सगळं पाहतोय" अशी वाक्यं तिथे येतात. ज्याने त्याने कोणाकडून ऐकलं ते पुढे लिहावं. जी वाक्यं आजवर स्वतःचा आवाज वाटत होती, ती कोणत्यातरी माणसाच्या तोंडची आहेत हे दिसू लागतं. देवाच्या नावावर खपवलेलं वाक्य कोणा शिक्षकाचं किंवा आजोबांचं होतं, हे बरेचदा इथेच पहिल्यांदा कळतं.

पहिल्या रकान्यात काही खरंच उरतं. ते नाकारू नये. दारू, खोटं, स्वतःच्या मुलांवर उगारलेला हात. त्याची कबुली द्यायची, ज्याचं नुकसान झालं त्याच्याशी शक्य तिथे नीट करायचं, आणि योहानाच्या पहिल्या पत्रात १:९ मध्ये म्हटल्याप्रमाणे क्षमा झाली असं धरायचं. एकदा. त्याच गोष्टीची कबुली पुन्हा पुन्हा द्यावीशी वाटू लागली तर कागद परत उघडून पाहावा. पहिल्या रकान्यात दुसऱ्यातलं काहीतरी घुसलेलं असतं.

उपदेशपीठावरून २ शमुवेलचा १३ वा अध्याय फारसा वाचला जात नाही. वाचायला हवा. दावीदाची मुलगी तामार आजारी भावासाठी जेवण करायला जाते, आणि मित्राच्या सल्ल्याने आजाराचं सोंग करणारा तो सावत्र भाऊ अम्नोन तिच्यावर बळजबरी करतो. ती नाही म्हणते, कारणं देते, त्याला दुसरा मार्गही सुचवते. तो ऐकत नाही, आणि नंतर नोकराला सांगून तिला बाहेर काढतो व दाराला अडसर लावून घेतो. ती डोक्यावर राख घालते, राजकन्येचा झगा फाडते आणि मोठ्याने रडत जाते. म्हणजे ती लपवत नाही. लपवायला सांगतो तो सख्खा भाऊ अबशालोम: तो तुझा भाऊ आहे, गप्प राहा, मनाला लावून घेऊ नको. दावीद राजा संतापतो, पण काही करत नाही. तामार भावाच्या घरी उजाड होऊन राहते, आणि दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनाला ठार करवतो.

यात आजचं सगळं घर आहे. जवळच्या नात्यातला गुन्हेगार, मदत करणारा धूर्त मित्र, गप्प बसवणारा हितचिंतक, रागावून हात झटकणारा बाप. आणि आपली काही चूक नसताना घरात बंद झालेली मुलगी. शास्त्राने तिची लाज झाकून ठेवली नाही, ज्याची होती त्याच्या नावावर लिहून ठेवली. लाजेने पिचलेल्या माणसाला येशूच्या दाखल्यांपेक्षाही आधी हा अध्याय कामी येतो असं माझं मत आहे. मात्र तो एकट्याने, रात्री वाचू नये.

आता शरीर. विश्वासू लोकांना हा भाग कमी आध्यात्मिक वाटतो, म्हणून तो गाळला जातो, आणि तिथेच बरेच जण अडकतात. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. तो झोपतो, दूत त्याला शिवून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई पुढे असते. खाऊन तो परत झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं जातं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. मग ४० दिवसांचा प्रवास, आणि त्यानंतर होरेब डोंगरावर देव विचारतो, तू इथे काय करतोस? एलीया गाऱ्हाणं सांगतो. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो, एलीया तेच उत्तर शब्दशः पुन्हा देतो, आणि देव त्याला "हे आत्ताच सांगितलंस" म्हणत नाही. आघात झालेला माणूस तीच गोष्ट त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा सांगतो. ऐकणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं.

व्यवहारात याचा अर्थ असा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत उपास नको, रात्रभराची प्रार्थना नको. झोपमोड आणि उपाशीपण यांनी धोक्याची घंटा वाजवणारी मेंदूची यंत्रणा आणखी हळवी होते, आणि मग जे कापरं भरतं त्याला कोणी आत्म्याचं काम म्हणतं, कोणी सैतानाचं. झोपेची व उठण्याची वेळ ठरवावी, दोन वेळा नीट जेवावं, रोज थोडं चालावं.

प्रार्थना डोळे उघडे ठेवून करावी. डोळे मिटले की ज्यांना चित्रं दिसू लागतात त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे, आणि डोळे मिटलेच पाहिजेत असं शास्त्रात कुठेही म्हटलेलं नाही. पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला, नजर दाराकडे जाऊ शकेल अशी जागा. श्वास आत घेताना चार मोजावे, सोडताना सहा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके सावकाश होतात. काहींना मात्र श्वासाकडे लक्ष दिलं की छातीत धडकी भरते, विशेषतः ज्यांचा गळा कधी दाबला गेला असेल त्यांना. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि दिसणाऱ्या ५ वस्तू, स्पर्शाला जाणवणाऱ्या ४, ऐकू येणारे ३ आवाज, २ वास आणि १ चव अशी मनात मोजणी करावी. त्यानंतर स्तोत्रातली एक ओळ, एकच. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" एवढी प्रार्थना पुरते.

थांबण्याच्या खुणा शिकून घ्याव्यात. बोटं गार पडणं, आवाज लांबून येतोय असं वाटणं, जीभ जड होणं, खोलीत असूनही नसल्यासारखं होणं. यातलं काही सुरू झालं की प्रार्थना, वाचन, लेखन सगळं थांबवायचं, उठायचं, तोंडावर गार पाणी मारायचं. अशा अवस्थेत पुढे रेटून काही बरं होत नाही, फक्त तो प्रसंग पुन्हा घडल्यासारखा होतो.

आणि सोबत असणाऱ्यांसाठी: विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नये. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणं आपल्याला आशीर्वाद वाटतो, पण पाठीमागून अचानक आलेला हात ज्याच्या आठवणीत आहे त्याचं शरीर त्या हातात प्रार्थना पाहत नाही. "हात ठेवू का?" हा प्रश्न आणि "नको" हे उत्तर सहज घेण्याची तयारी, एवढंच लागतं. ज्याच्या शरीरावरचा हक्क एकदा हिरावला गेला, त्याचं "नको" कोणीतरी मानलं, हा अनुभवच त्या दिवशीच्या प्रार्थनेपेक्षा मोठा असतो.

घटनेला महिना उलटून गेल्यावरही प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, तीच स्वप्नं, त्या जागा आणि माणसं टाळणं, बारीक आवाजाने दचकणं हे चालूच असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. आघातानंतरच्या या आजाराला वैद्यकीय वर्गीकरणात १९८० मध्ये स्वतंत्र नाव मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात दीर्घकाळ चाललेल्या आघाताचा वेगळा प्रकार नोंदवला आहे, आणि त्याच्या लक्षणांत लाज व स्वतःला कवडीमोल समजणं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे आपण ज्याला विश्वासाची कमतरता म्हणतो ते काही वेळा आजाराचं लक्षण असतं. त्यावर नेमके उपचार आहेत: आघातकेंद्री वर्तनोपचार, डोळ्यांच्या हालचालींच्या साह्याने आठवणीवर काम करणारी उपचारपद्धत, गरजेप्रमाणे औषधं. प्रार्थनेत बरं वाटलं म्हणून औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. एकदम बंद केल्याने होणारा त्रास बरेचदा "शत्रूचा हल्ला" म्हणून खपवला जातो. जीव नकोसा झाला असेल तर त्याच दिवशी, कोणाला तरी सोबत घेऊन, डॉक्टर गाठावा.

शरीर थोडं स्थिरावलं की विलापाची प्रार्थना लिहायला घ्यावी. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत. आपल्या उपासनेतल्या गाण्यांत हे प्रमाण किती असतं ते ज्याने त्याने मोजून पाहावं. नमुना म्हणून १३ वं स्तोत्र घ्यावं, सहाच ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा "किती काळ". पुढच्या दोन ओव्यांत मागणं: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, नाहीतर वैरी म्हणेल मी जिंकलो. शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा.

लिहिताना याच सांगाड्यावर लिहावं. देवाला हाक. मग तक्रार, आणि ती देवाविरुद्ध असेल तर देवाविरुद्धच: तू कुठे होतास, दार का उघडलं नाहीस. मग मागणं, नेमकं: आज रात्री झोप दे, त्या माणसाला माझ्या बहिणीच्या घरापासून दूर ठेव. भरवशाची ओळ आली तर लिहायची. नाही आली तर तशीच सोडायची. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजेड येत नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. ओढूनताणून लिहिलेली स्तुतीची शेवटची ओळ मी तरी खोडायला सांगेन.

पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार दिवस ओळीने. भावनिक लेखनाच्या संशोधनात साधारण याच बेताने काम झालं आहे. झोपण्याआधी नको, दुपारी किंवा सकाळी, आणि नंतर हातांना काहीतरी काम: भांडी, झाडांना पाणी. प्रसंगाचं वर्णन या लेखनात येऊ द्यायचं नाही. त्या प्रसंगाने काय केलं तेवढंच. लिहिल्यावर मन जड होतं, तासा-दोन तासांत उतरतं. दुसऱ्या दिवशीही तसंच जड राहिलं तर लेखन बाजूला ठेवून ते समुपदेशकाकडे न्यावं. कागद ठेवायचा की फाडायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण घरात कोणाच्या हाती लागेल अशा जागी तो राहू नये.

देवाला हाक मारतानाच काहींचं अडतं. ज्याच्या बापाने मारलं किंवा त्याहून वाईट केलं, त्याला "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना घशात काहीतरी अडकतं, आणि त्याचीही लाज वाटते. शास्त्रात हाका पुष्कळ आहेत: मेंढपाळ, खडक, आश्रय, ढाल. यशया ६६:१३ मध्ये देव आईसारखं सांत्वन करीन म्हणतो. काही महिने दुसरी हाक मारल्याने कोणी विश्वासातून पडत नाही. पुढे ती पहिली हाक परत येते किंवा येत नाही. दोन्ही चालतं.

यानंतर सांगणं येतं. लाज ही चेहऱ्यांशी बांधलेली असते, कोणीतरी पाहील आणि तोंड फिरवील ही तिची मुख्य भीती. म्हणून एकट्याने कितीही प्रार्थना केली तरी तिचा शेवटचा भाग निघत नाही. तो निघतो दुसऱ्या माणसाला सगळं कळल्यावरही त्याने तोंड फिरवलं नाही, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर. पण त्यासाठी माणूस पारखून घ्यावा लागतो.

पारख अशी: आधी एखादी छोटी, कमी महत्त्वाची खासगी गोष्ट सांगून पाहावी. ती दोन आठवड्यांत दुसऱ्याच्या तोंडून परत ऐकू आली नाही, आणि ऐकताना त्या माणसाने मध्येच वचन फेकलं नाही, की पुढे जावं. मंडळ्यांत गुपित फुटतं ते बहुतेक वेळा वाईट हेतूने नाही, प्रार्थना-विनंतीच्या रूपाने फुटतं. "अमक्या बहिणीसाठी जरा जास्त प्रार्थना करा, सांगता येत नाही पण लहानपणी तिच्यावर फार वाईट…" एवढं पुरतं. म्हणून आधीच स्पष्ट सांगावं: हे कोणालाही नको, पाळकांनाही नको, प्रार्थनेतही नको. एकच अपवाद ऐकणाऱ्याने सुरुवातीलाच सांगून ठेवावा: एखादं मूल आज धोक्यात असेल किंवा बोलणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाला धोका असेल तर गप्प राहता येणार नाही.

पहिल्यांदा सांगताना तीन वाक्यं पुरतात. काय झालं, साधारण केव्हा, आणि आज त्याचा मला काय त्रास होतो. बैठक तासाभराची. खुर्च्या समोरासमोर ठेवण्यापेक्षा थोड्या तिरक्या ठेवाव्यात, म्हणजे नजर हवी तेव्हा वळवता येते. पाण्याचा पेला, अर्धवट उघडं दार किंवा काचेचं दार, फोन बंद. ऐकणाऱ्याने बोलायची वाक्यं थोडीच आहेत: "सांगितलंस ते बरं केलंस." "माझा तुझ्यावर विश्वास आहे." "यात तुझी चूक नव्हती." "आत्ता तुला काय हवं आहे?" न बोलायची पुष्कळ आहेत. "नक्की असंच झालं का?", "त्या वेळी का नाही सांगितलं?", "देवाची यात काहीतरी योजना असेल", "आता माफ करून टाक". शेवटच्या दोन वाक्यांनी माणूस वर्षानुवर्षं परत तोंड उघडत नाही.

सांगून झाल्यावरचे एक-दोन दिवस वाईट जातात, हे आधी माहीत असलं तर धक्का बसत नाही. सुटल्यासारखं वाटतं, आणि रात्री एकदम धास्ती भरते: का सांगितलं, आता ती माझ्याकडे कशी पाहील. ऐकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साधा निरोप पाठवावा: काल आपण बोललो, माझ्या मनात तुझ्याबद्दल काही बदललं नाही. हा निरोप विसरला तर आदल्या दिवशीचं पुष्कळसं काम वाया जातं.

मार्क ५ मधली बारा वर्षं रक्तस्राव असलेली स्त्री इथे आठवावी. ती पाठीमागून गर्दीत येते, वस्त्राला शिवते आणि तिला लपूनच निघून जायचं असतं. शरीर तर बरं झालेलं असतं. येशू तरी थांबतो, शिष्य कंटाळतात तरी थांबतो, आणि ती कापत येऊन सगळं खरं सांगते. तो तिला "मुली" म्हणतो. काही पुढारी याच उताऱ्यावरून सर्वांसमोर स्वतःच्या अनुभवाची साक्ष द्यायला लावतात. ते मला मान्य नाही. नियमशास्त्राप्रमाणे त्या आजाराने ती लोकांत अशुद्ध ठरली होती, तिला लोकांत परत येण्यासाठी लोकांसमोरच शब्द हवा होता. जिची लाज लोकांना माहीतच नाही तिला माइकसमोर उभं करणं ही वेगळी गोष्ट आहे.

प्रार्थना-गटांनी दोन गोष्टींपासून दूर राहावं. एक, आठवणी खणणं. "डोळे मीट, त्या खोलीत जा, येशू कुठे उभा आहे ते सांग" अशा प्रार्थनेत काहींना खरंच आधार मिळतो, पण चित्र पुढाऱ्याने सुचवायचं नसतं, आणि "तुझ्या लहानपणी नक्की काहीतरी झालंय, आत्म्याने मला दाखवलं" हे तर मुळीच म्हणायचं नसतं. सुचवण्यातून न घडलेल्या आठवणी तयार होऊ शकतात, आणि घडलेल्या आठवणी एका संध्याकाळी उघडून तशाच सोडल्या तर माणूस कोसळतो. जखमेचं तोंड उघडणाऱ्याकडे ती शिवायची तयारीही हवी. ते काम प्रशिक्षित माणसाचं. दुसरी, प्रत्येक थरथर आणि प्रत्येक किंकाळी दुरात्म्याच्या खात्यावर टाकणं. ज्याला आधीच वाटतं की आपल्या आत काहीतरी घाणेरडं आहे, त्याला आपण ते खरं असल्याचं सांगत असतो.

क्षमेचा विषय इतका उशिरा घेतला आहे तो मुद्दाम. उत्पत्तीमध्ये योसेफाला भाऊ विकतात तेव्हा तो १७ वर्षांचा असतो. भाऊ धान्यासाठी समोर येतात तेव्हा तो मिसरचा मोठा अधिकारी असतो, आणि मधे सुमारे २२ वर्षं गेलेली असतात. तो लगेच मिठी मारत नाही. ओळख लपवतो, त्यांच्यापासून दूर होऊन रडतो, दुसऱ्यांदा आतल्या खोलीत जाऊन रडतो आणि तोंड धुऊन बाहेर येतो. मग धाकट्या भावाला, बन्यामिनाला, अडकवून पाहतो. ज्या भावाने, यहूदाने, योसेफाला विकायची कल्पना मांडली होती तोच धाकट्या भावाच्या जागी गुलाम व्हायला तयार होतो, तेव्हा योसेफ सगळ्यांना बाहेर घालवून ओळख देतो. आधी सत्ता आणि सुरक्षितता, मग रडणं, मग समोरच्याची पारख, मग समेट. हा क्रम उलटा करून "आधी माफ कर, मग बरं वाटेल" असं सांगितलं जातं.

क्षमा म्हणजे सूड स्वतःच्या हाती न घेणं, ते देवाच्या स्वाधीन करणं. त्यात विसरणं येत नाही, परत त्या घरी जाणं येत नाही, पोलिसांत तक्रार न करणं तर मुळीच येत नाही. मत्तय १८ मध्ये सत्तर वेळा सात क्षमा करण्याचं वचन २२ व्या ओवीत आहे. त्याच अध्यायात आधी, ६ व्या ओवीत, लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा आहे, आणि १५ ते १७ मध्ये अपराध्याला जाब विचारण्याची पद्धत. पुढाऱ्यांनी अध्याय सुरुवातीपासून वाचावा. समेटाला दोघं लागतात, आणि त्यातल्या एकाने "मी हे केलं" असं कोणतीही सबब न जोडता म्हणावं लागतं.

क्षमा केल्यावर काही महिन्यांनी राग परत उसळतो. त्याचा अर्थ क्षमा खोटी होती असा लावला जातो. निश्चय एका दिवशी होतो, भावना मागून येते, तीही तुकड्यातुकड्यांनी. आणि "स्वतःला माफ कर" हा सल्ला फक्त पहिल्या रकान्यासाठी. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टींसाठी स्वतःला माफ करायचं म्हणजे दोष पुन्हा मान्य करायचा.

पहिल्या रकान्यातल्या लाजेसाठी पेत्राचं उदाहरण आहे. येशूच्या अटकेच्या रात्री कोळशांच्या विस्तवाजवळ या शिष्याने येशूला तीनदा नाकारलं. योहान २१ मध्ये किनाऱ्यावर पुन्हा कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी आणि भाकर. येशू आधी न्याहारी देतो. मग प्रश्न विचारतो, तीनदा, आणि प्रश्न त्या रात्रीबद्दल नसतात, प्रेमाबद्दल असतात. प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवतो. तिसऱ्या प्रश्नाला पेत्र दुःखी होतो, म्हणजे हेही वेदनेशिवाय झालं नाही.

काही दिवस वाट मागे गेल्यासारखी वाटेल. घटनेची तारीख, आपलं मूल त्या वयाचं होणं, त्या माणसाच्या निधनाची बातमी, लग्नात अचानक तोच समोर येणं. ज्या तारखा माहीत आहेत त्या वहीत खूण करून ठेवाव्यात, त्या आठवड्यात उपासनेची जबाबदारी घेऊ नये, आणि कोणाच्या तरी घरी जेवायला जायचं ठरवून टाकावं. कागद पुन्हा काढून वाचावा. बरं होत असेल तर दुसऱ्या रकान्यातल्या ओळी आता जागच्या हलत नाहीत, तिसऱ्यातली वाक्यं ज्यांची त्यांच्या आवाजात ऐकू येतात, आणि पाळकांनी साक्ष द्यायला बोलावलं तर "या वर्षी नको" असं रात्रभर न तळमळता सांगता येतं.